झाकणावरची वेल

बीदरहून औरादला निघालेल्या बसमध्ये विजयश्रीच्या मांडीवरचा डबा वाजायला लागला.

डबा प्लास्टिकचा, निळा. बाहेर दोन तारा, एक लाल दिवा. आत तिचा फोन, आणि फोनवर तिची आई चंद्रभागाबाई, जी उचलेपर्यंत माघार घेत नसे.

“तुमच्या डब्यात कुणीतरी रडायलंय,” शेजारचा तरुण म्हणाला.

“फोन आहे.”

“मग उचला की.”

“उघडत न्हाई… आणखी अर्धा तास.”

“कामून?”

“मीच तसा बनवलाय. पोरांनी अभ्यासाच्या वेळी फोन बघू नये म्हणून.”

“मग तुम्ही अभ्यास करायलात का आत्ता?”

“न्हाई. चाचणी घ्यायलेय.”

त्यानं खिशातून बसचं तिकीट काढलं, चौपदरी केलं, झाकणाच्या फटीत सारलं. टक्! डबा उघडला. विजयश्रीच्या सहा महिन्यांच्या संशोधनाचा बसच्या तिकिटानं निकाल लावला.

आईला “आलेच” म्हणून तिनं फोन ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं की एखादा पुढच्या थांब्यावर उतरलाच असता. तो मात्र हसत होता. डोळे काळेभोर, बोटंही काळीच. घरचं बिदरीकाम, काळ्या धातूवर चांदीची तार ठोकायचं, त्यामुळं.

“मी सिद्धेश्वर. किल्ल्याकडच्या गल्लीत दुकान आहे. प्लास्टिक पोरांपुढं टिकत न्हाई, अक्का. धातूचा डबा करू.”

“अक्का कुणाला म्हणायलात?”

“चुकलं,” तो म्हणाला—आणि फार आनंदानं म्हणाला.

तिच्या पॉलिटेक्निकचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. विजयश्रीच्या वडिलांनी, अंकुशरावांनी, आपला निर्णय जेवताना एकाच वाक्यात सांगून टाकला होता : डबा निवडला गेला तर पुढं इंजिनिअरिंग, न्हाईतर आळंदचं स्थळ. आळंदच्या मुलाचं मोबाईलचं दुकान होतं. ज्या गोष्टीपासून ती पोरांना वाचवू बघत होती, त्या गोष्टीच्या गल्ल्यावरच तिला बसवायचं घाटत होतं.

ती सिद्धेश्वरच्या दुकानात जायला लागली. तो भट्टीपाशी, ती तारांपाशी.

“वेळ लावून कुलूप ठेवलं तर पोरगं घड्याळच फिरवंल,” तो म्हणाला. “बटण दुसऱ्याच्या हाती द्या.”

“कुणाच्या?”

“तुमच्या फोनवर इतका वेळ कोण रडत होतं?”

ती खळखळून हसली. ठरलं! बटण स्वयंपाकघरात, आईच्या हाती. आईनं दाबलं की आतल्या रिसिव्हरला इशारा, कुलूप उघडं. आईची फसवणूक करणं औरादमध्ये अजून कुणाला जमलेलं न्हाई.

डबा ओतून झाला. किल्ल्यातली माती लावून तो काळाभोर झाला. झाकण तेवढं राहिलं. झाकणावर चांदीच्या तारेची वेल निघत होती आणि ती काही संपत नव्हती.

“अजून एक पान,” तो म्हणायचा.

“काल तर शेवटचं होतं.”

“कालचं ह्या बाजूचं… शेवटचं.”

तार ठोकताना तो मान खाली घालायचा. तिला मग त्याच्या मानेवरचा तीळ दिसायचा, आणि तिच्या हातातली तार हमखास चुकीच्या जागी जोडली जायची. झाकण नसल्यानं ती उघड्या डब्यावरच बटण दाबून बघायची. कुलूप टकाटक उघडायचं.

झाकण मिळालं ते प्रदर्शनाच्या दिवशी, सकाळी.

बंगळुरूचे परीक्षक आले. “येनम्मा, इदु?” हे काय, असं त्यांनी कानडीत विचारलं, आणि उत्तर संपायच्या आत उत्साहानं स्वतःचाच फोन डब्यात ठेवून झाकण लावलं. चंद्रभागाबाई नवी साडी नेसून बटण धरून उभ्या होत्या. त्यांनी बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. मग भाकरी थापायच्या जोरानं दाबलं.

“रेंज धातूतून आत जात न्हाई…” विजयश्रीचा चेहरा पांढरा पडला. “झाकण लावून कधी बघितलंच न्हाई आपण! काल तरी दिलं असतंत!”

परीक्षकांचा हात तीनदा रिकाम्या खिशाकडे जाऊन आला. अंकुशरावांनी घसा खाकरला. त्या खाकरण्यात आळंद स्पष्ट ऐकू आलं.

सिद्धेश्वरनं खिशातून छिन्नी आणि छोटी हातोडी काढली.

“अहो, नको! तुमची वेल—”

एक घाव. झाकणाचे दोन तुकडे झाले, वेल मधोमध तुटली. त्यानं फोन पुसून परीक्षकांच्या हातात दिला.

“इतक्या वेळात एकही फोन नाही?” परीक्षक चक्रावले. “माझा साहेब तर दर पाच मिनिटाला…”

आणि विजयश्री जागची उडालीच. “सर, आत रेंजच न्हाई ना! फोन आत वाजणारच न्हाई! फक्त रिसिव्हर बाहेर काढायचा… थांबा, इथंच करते!”

तिनं तिथंच तारा सोडल्या, रिसिव्हर डब्याच्या पाठीला बसवला, अर्धं झाकण कुलपात अडकवलं. “आई, दाब!”

टक्! अर्धं झाकण उसळून परीक्षकांच्या पायाशी पडलं. त्यांनी ते उचललं, तुटक्या वेलीवरून बोट फिरवलं.

“अंतिम फेरीला या. अख्खं झाकण लावून.”

अंकुशरावांनी डबा उचलून उलटा करून बघितला. मग हळूच बायकोला म्हणाले, “आळंदवाल्यांना काय सांगू आता?”

“सांगा, पोरगी रेंजच्या बाहेर हाय.”

जिन्यापाशी सिद्धेश्वर तुकडे रुमालात बांधत होता. विजयश्री पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“वेल एवढी लांबली कशी?”

“वेल पहिल्याच आठवड्यात झाली होती.” त्याचे कान लाल झाले. “मग रोज एक पान… झाकण दिलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं.”

“म्हंजे माझं इंजिनिअरिंग तुमच्या पानांपायी जायलं होतं?”

“व्हय.” त्यानं मान वर केली. “म्हणून तर मीच तोडली.”

रुमालाची गाठ सैल होती. तिनं ती घट्ट केली. त्याची काळी बोटं तिच्या हाताखाली सापडली, तिथंच राहिली.

“नवं झाकण चार दिवसांत पाहिजे,” ती म्हणाली. “पान न्हाई, फूल न्हाई. साधं.”

“चार दिवसांत देतो…” त्याचा आवाज बारीक झाला. “आणि पाचव्या दिवशी?”

“पाचव्या दिवशी,” विजयश्री म्हणाली, “मी बिनकामाची येते.”