एकेचाळिसावा नग

सहा आठवड्यांसाठी घर शोधणं काय दिव्य असतं, ते मोजूताईला विचारा. वर्षाच्या करारावर म्हणाल तेवढी घरं, पण सहा आठवडे म्हटलं की दलाल लगेच घड्याळ बघायचा. ते बंदराचं शहर, ना धड मोठं ना धड लहान. चार दिवस पाय तुटेस्तोवर ती फिरली आणि पाचव्या दिवशी एका बेकरीच्या काचेवर हातानं लिहिलेली चिठ्ठी तिला दिसली. तिसरा मजला, समुद्रासमोर, थोड्या दिवसांसाठी.

तिचा नवरा दहा महिन्यांनी येत होता. तो जहाजाच्या इंजिनावर कामाला. जहाज इथल्या गोदीत दुरुस्तीला लागणार होतं आणि तेवढे दिवस दोघांना एका छपराखाली राहायला मिळणार होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सलग सहा आठवडे नवरा कसा दिसतो हे तिनं अजून पाहिलं नव्हतं. त्यामुळे ती जिना चढली तीच मुळी दोन-दोन पायऱ्या एकदम.

जिना त्या दारापाशीच संपत होता. वर फक्त उतरतं पत्र्याचं छप्पर. आत दोन खोल्या, पिवळ्या फरशीचं स्वयंपाकघर, आणि खिडकी उघडली की समोर नुसता समुद्र. तिला इतका आनंद झाला की पलंगावर बसून तिनं दोनदा उसळून पाहिलं.

"आधी सामानाची यादी तपासा, मग सही करा," मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या. त्या आत आल्या नाहीत.

आता मोजूताई एका इस्पितळाच्या भांडारात कामाला. तिचं हे नावही तिथल्या परिचारिकांनीच ठेवलेलं. तिच्यासमोर यादी ठेवणं म्हणजे मांजरीसमोर दूध ठेवणं. चमचे, उशा, पडद्याच्या कड्या, सगळं मोजून झालं. चाळीस नगांपैकी सदतीस जागेवर होते. तीन नव्हते: झाकणाला पोचा आलेला थर्मास, तपकिरी रेनकोट, आणि पुरुषाचे बूट, एक जोड.

"हे तीन नाहीत हो."

"नाहीतच. काट मारा. सगळे काटच मारतात."

"मग यादीत ठेवता कशाला?"

"यादी मी केलेली नाही. घराबरोबर आलीय." मालकीणबाई जिन्याच्या कठड्याकडे बघत होत्या.

काट मारणं मोजूताईच्या स्वभावातच नव्हतं. भांडाराचा नियम असा, की यादीत आहे पण हातात नाही अशा वस्तूपुढे लिहायचं 'येणे'. मग ती येते. माल आला की पुढे बरोबरची खूण करायची आणि विषय मिटवायचा. तिनं तिन्ही नगांपुढे ठसठशीत 'येणे' लिहिलं. आणि मग, अंगात आनंद मावत नव्हता म्हणून, खाली आपला एक नग वाढवला. 'एकेचाळीस. नवरा, नग एक. येणे.'

तिनं हसत हसत ते मालकीणबाईंना दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

"सही केलीत?"

"केली की."

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि एकेक पायरी जपत खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर होता. झाकणाला पोचा. आत चहा, कोमट. मालकीणबाई बोलायला तुसड्या असल्या तरी मनानं चांगल्या दिसतात, असं तिला वाटलं. यादी तिनं दारामागच्या खिळ्याला अडकवली होती. तिनं खूण केली, शेपूट लांब ओढून, नेहमीसारखी.

तिसऱ्या दिवशी रेनकोट खुंटीवर आला. तो ओला होता. खाली फरशीवर पाणी साठलं होतं आणि त्याला खारट वास येत होता. बाहेर तर आठवडाभर लख्ख ऊन होतं.

आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आला वाटतं लबाड. मागच्या खेपेला हाच माणूस शेजाऱ्यांना फितवून अर्धा तास दारामागे लपला होता. तिनं पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, पडदे झटकले, आणि सगळा वेळ ती एकटीच हसत होती. तो काही सापडला नाही. तिनं रेनकोटापुढेही खूण केली आणि नवी साडी नेसून बसली.

दुपारी तीनला फोन वाजला.

"मोजू, गोदीतून निघालो. दहा मिनिटांत पोचतो."

"नाटकं पुरे. रेनकोट सापडलाय मला."

"कसला रेनकोट? आत्ता तर जमिनीला पाय लागलेत माझे."

त्याच्यामागे गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. तो थापा मारत नव्हता.

तिची नजर यादीवर गेली. चाळिसाव्या नगापुढे, बुटांपुढे, अजून नुसतं 'येणे' होतं. एकेचाळिसाव्यापुढे खूण होती. लांब शेपटाची, तिच्याच हातची.

तिनं ती केली नव्हती.

आतल्या खोलीचं दार तिनं मघाशी उघडं ठेवलं होतं. आता ते लोटलेलं होतं.

"आलो गं. जिना चढतोय," फोनवर नवरा धापा टाकत होता. "तिसरा ना?"

"तिसरा. शेवटचा. लवकर ये."

तिनं पेन घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा यादीवर काट मारली. कागद टरकन फाटला. खूण तशीच राहिली. नग एक.

बाहेर त्याची पावलं जवळ आली. दाराशी आली. ती कडी काढायला धावली.

पावलं वर निघून गेली.

तिनं दार उघडलं. जिना तिच्या पायाशी संपत होता. वर पत्रा होता.

"मोजू, पाचव्यावर आलो की मी," फोनमध्ये तो खुशीत होता. "तू तिसरा म्हणालीस. दार कुठंय?"

"खाली ये. अरे, खाली ये."

"सातवा. अगं, समुद्र काय दिसतोय इथनं. थांब, आलोच."

आतल्या खोलीत कुणीतरी पलंगावर बसलं. मग बूट काढून ठेवल्याचा आवाज आला. एक. थोड्या वेळानं दुसरा.