ओ देऊ नको

नॉर्वेतल्या त्या जुन्या बंदरशहरात तूरुन बाजारातून मासळी घेऊन चढावरच्या 'ओ देऊ नको' नावाच्या गल्लीनं घरी निघाली होती. नोव्हेंबरची दुपार, पण उजेड केव्हाच विझायला लागलेला. लाकडी घरांच्या पागोळ्या टपटपत होत्या, ओल्या फळ्यांचा आणि डांबराचा वास दाटला होता. गल्लीच्या टोकाशी बिनदाराची एक दगडी भिंत होती. तिच्याजवळ पोचताच रोजच्यासारखी हाक आली.

"तूरुनबाई..."

लहान मुलीचा आवाज. घसा कोरडा पडलेला.

समोरच्या खिडकीतून म्हाताऱ्या सिग्नेबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तूरुन मान खाली घालून पुढे गेली खरी, पण रात्री जेवण बाजूला सारून ती खिडकीशी जाऊन बसली. उभा जन्म तिनं सुईणपण केलं होतं. वादळ असो, बर्फ असो, कुणी हाक मारली आणि ती गेली नाही, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉफी घेताना तिनं सिग्नेबाईंना सरळच विचारलं, "'ओ देऊ नको'... गल्लीचं असं नाव असतं का हो कुठं?"

"नाव कसलं, दवंडी होती ती." सिग्नेबाईंचा आवाज खाली आला. "प्लेगाच्या साली तिथल्या घराचं दार चिणून टाकलं. आजारी, धडधाकट, सगळे आत. त्यातली एक पोर येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाका मारायची, पाणी मागायची. कुणाला पाझर फुटू नये म्हणून दवंडी पिटली... ओ देऊ नको. माणसं गेली, दवंडी तेवढी राहिली."

"आणि कुणीच ओ दिली नाही?"

"आजतागायत नाही. तूही देऊ नकोस, बाई. नवी आहेस तू इथं."

"पोर तहानलीय, सिग्नेबाई."

"असू दे!" त्यांनी कप बशीत आदळला.

तूरुन उठली. घरी जाऊन तिनं पाण्याचा जग भरला आणि तडक भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिथली हवा गारठली होती. ओल्या चुन्याचा वास येत होता, जणू दार कालच चिणलंय.

"तूरुनबाई..."

"ओ!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आले गं बाळा. पाणी आणलंय. भिऊ नकोस आता, चल माझ्या घरी."

पागोळ्यांचा आवाज थांबला. भिंतीआड कुणीतरी लांब श्वास घेतला... तूरुननं जग भिंतीवर रिता केला. उतार असून पाण्याचा एक थेंबही खाली ओघळला नाही. दगडांनी सगळं पिऊन टाकलं.

त्या दिवसापासून भिंत मुकी झाली. माणसं मान वर करून जाऊ लागली.

रविवारी सिग्नेबाई बशीत केक घेऊन आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "तूरुन, आहेस का गं?"

तूरुन त्यांच्या मागेच, अंगणात जळण गोळा करत होती. ती तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून कोवळा आवाज आला.

"ओ... आले!"

बशी खळकन फुटली. सिग्नेबाईंनी तूरुनचा दंड घट्ट धरला.

"घाबरू नका," तूरुन ठामपणे म्हणाली. "मीच बोलावलंय तिला. आता परत पाठवायची नाही."

तेवढ्यात माडीवरून आणखी कुणीतरी ओ दिली. घोगरा, पुरुषी आवाज होता तो. आणि मग जिना करकरू लागला.