एक पान, एक मालक

पिंगळी स्टेशनामागच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात सूर्यभान आणि त्याचा जोडीदार पंडित कॉम्प्युटर बनवत होते. ब्याण्णवचा उन्हाळा. पत्रे तापलेले, कूलरचा वाळा सुकून गेलेला, सोल्डरच्या धुरात अजून सरकीचा वास येई.

यंत्रात प्रोसेसर चार, मेमरी मात्र सगळ्यांत मिळून एकच, वहीसारखी पानं पाडलेली. प्रत्येकाला वाटावं, सगळी आपलीच. खरं तर सावडीच्या बैलासारखं, ज्याच्या शेतात त्याचा. एकानं पान लिहायला घेतलं की दुसऱ्याकडची नक्कल पुसली जाई. आणि पान मागणाऱ्यानं ते मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा नियम सूर्यभाननेच घातला होता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

त्या संध्याकाळी त्याच्या पहिल्या मुलीचं बारसं होतं, गावातच, सासुरवाडीला. नाव त्यानं मनाशी ठरवलं होतं, मंजिरी. बायकोला, मनकर्णालाही सांगितलं नव्हतं.

दुपारी पडद्यावर ओळ उमटली: पान पाचकडून सहाकडे.

"पंडित, आपले चारच हायेत ना?"

"वायर ढिली असंल." पंडित सोल्डर करता करता हसला. "वरातीत घोडं बिथरलं आन् मी मनकर्णाच्या मामाच्या अंगावर पडलो. लोक लय हसले, न्हाई?"

पंडितचं लग्नच झालेलं नव्हतं. थट्टेची त्याला खोडच, म्हणून सूर्यभानही हसला. मग आपली वरात आठवायला गेला. घोडं नाही, मांडव नाही. सगळं कोरं.

पाचकडून सहाकडे. पुन्हा. पुन्हा.

त्यानं मेन स्विच पाडला. कूलर थांबला. पडदा विझला नाही.

आता तो घाबरला. बारशाला निघावं म्हणून उठला. दाराकडे जाताना मुलीचं नाव मनात घोळवायला गेला.

नाव सापडेना.

पाय हलेनात. पान मागणाऱ्यानं मिळेपर्यंत जागचं हलायचं नाही. हाक मारायला तोंड उघडेना.

दार बाहेरून ढकललं गेलं. उंबऱ्यात एक म्हातारी उभी होती, नवं लुगडं नेसलेली.

"जावईबापू, चला की. पाळणा खोळंबलाय. मनकर्णा कवाची वाट बघायलीय."

"आलो, मामी," पंडित हात पुसत म्हणाला.

तिनं सूर्यभानकडे पाहिलं, यंत्राकडे पाहावं तसं, आणि पंडितला विचारलं, "नाव काय ठरवलंत?"

"मंजिरी."

बाहेरून कडी लागली.

नाव सुरेख होतं. सूर्यभानने ते आधी कधीच ऐकलं नव्हतं.