वाटेच्या मधोमध

वहिनीला बर्फाची नदी पाहायची होती, आणि तीही डोळे आहेत तोवर!

शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर तिनं जुन्या कॅलेंडराचं एक पान चिकटवलं होतं. दोन डोंगरांच्या मधून उतरत आलेला निळसर बर्फाचा पट्टा. जणू कुणी ताग्यातलं कापड सोडत सोडत खाली आलं आणि मध्येच थबकलं. त्या पानासमोर बसून तिनं वर्षानुवर्षं लोकांचे कपडे शिवले. मग एक दिवस सुईत दोरा जाईना. दाराची चौकट खांद्याला लागू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कडेची नजर गेली ती गेलीच; मधली तेवढी उरली आहे, तीही आकसत जाणार, तेव्हा पाहायचं ते लवकर पाहून घ्या. वहिनी घरी आली, ते पान अलगद सोडवलं आणि दादापुढे ठेवलं. दादानं चष्मा पुसला, पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "बरं. पण तिथं थंडी वाजली तर मला बोल लावायचा नाही."

अशी आमची मोहीम निघाली. दादा, वहिनी आणि मी, दादाची धाकटी बहीण. देश परका, भाषा परकी. नदीपर्यंत मोटार जात नव्हती. अरण्यातून, कुरणांवरून आणि शेवटी एका उंच खिंडीवरून जाणारी लांबच लांब पायवाट तेवढी होती. खिंडीच्या माथ्यावरून नदी दिसायची. पलीकडे उतरलं की पुन्हा माणसांचं जग. हंगाम सरत आला होता. मोठा बर्फ पडला की खिंड बंद होणार होती, आणि ती पुन्हा उघडेपर्यंत वहिनीच्या डोळ्यांत किती उजेड उरेल, ते एका देवालाच ठाऊक!

वाटेवर खुणा होत्या. झाडांच्या खोडांवर, कडेच्या खडकांवर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीला एकेक पिवळा पट्टा. पण खूण कडेला, आणि वहिनीला कडच दिसत नव्हती. म्हणून दादा तिच्या बाजूनं चालायचा आणि पुटपुटत राहायचा, उजवीकडे पिवळी, डावीकडे पिवळी, खाली मूळ आहे, पाय उचल. कीर्तनात मागे उभ्या टाळकऱ्यानं ठेका सोडू नये, तसा त्याचा तो जप दिवसभर चाले.

"लग्नात सात पावलं चालून दमला होतात," वहिनी म्हणायची, "आता सगळी थकबाकी एकदम चुकवताय."

ते अरण्य मी अजून स्वप्नात पाहते. झाडं इतकी उंच, की त्यांचे शेंडे वाऱ्यात हलत असायचे आणि खाली पानही हलत नसे. जमिनीवर हिरव्या शेवाळाची गादी. पाऊल टाकलं की आवाजच नाही. ऊन गाळून गाळून खाली यायचं, आणि त्या हिरव्या उजेडात आपण चालतो आहोत की कुणी आपल्याला वाहून नेत आहे, तेच कळेनासं व्हायचं.

आणि तिथंच दादा पडला!

ओल्या मुळावरून पाय सटकला, घोटा मुरगळला आणि बघता बघता टम्म फुगला. त्याला उठवेना, आम्हाला उचलवेना. तेवढ्यात झाडांतून लाकडाच्या मोळ्यांची ढकलगाडी लोटत एक बाई आली. जवळच्या गावातली ती पाववाली होती, भट्टीसाठी फाटी गोळा करत होती. तिनं आम्हाला एक शब्दही विचारला नाही. मोळ्या खाली टाकल्या, दादाला काखेत धरून गाडीत बसवलं आणि निघाली. तिच्या भट्टीच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या, फळ्यांवर निवत ठेवलेले पाव, आणि हवेत भाजक्या पिठाची ऊब. पीठ चाळायचं स्वच्छ फडकं फाडून तिनं दादाचा घोटा आवळला. दादाच्या पँटवर तिच्या पांढऱ्या हातांचे ठसे उमटले. हातवाऱ्यांनी तिनं समजावलं, की हा इथं राहील. तिची पावाची मोटार डोंगराला वळसा घालून पलीकडे जाते, तीत बसून तोही येईल. तुम्ही चाला, बर्फ थांबत नाही.

निघताना दादानं मला बाजूला घेतलं. थट्टा करायचा त्याचा नेहमीचा सूर नव्हता.

"आता खुणा तू सांग. ती दिसतंय म्हणेल. तिचं ऐकू नकोस."

मी हो म्हटलं खरं, पण दादासारखं नामस्मरण मला कुठलं जमायला! कुरणाच्या वर एका वळणावर ढग असे सोन्याचे झाले, की मी बघतच राहिले आणि खूण मागे राहून गेली. वाट सुटली. दगडांनी भरलेल्या एका घळीत आम्ही उतरलो आणि चढायची जागा सापडेना. वहिनीच्या गुडघ्यावर दगड लागला. सावल्या लांबल्या. मला रडू फुटणार, इतक्यात वरून कुणीतरी शीळ घातली.

कमरेला रंगाचा डबा, हातात ब्रश, बोटं पिवळीजर्द. वाटेच्या खुणा रंगवणारा रंगारीच देवासारखा उभा होता! हंगाम संपताना पुसट झालेल्या खुणा तो नव्यानं रंगवत जायचा. त्यानं आम्हाला हात देऊन वर काढलं आणि आपल्या झोपडीत नेलं. एकच खोली. चूल, बाक, भिंतीला ओळीनं टांगलेले ब्रश, आणि जिकडेतिकडे पिवळे थेंब, चमच्यांवरसुद्धा. आत जाताच वहिनीचा कोपरा टेबलाला लागला, मग ती स्टुलाला अडखळली. तो चमकून तिच्याकडे पाहू लागला. त्याची भाषा मला येत नव्हती, तेव्हा मी दोन्ही मुठींच्या नळ्या करून डोळ्यांना लावल्या आणि वहिनीकडे बोट केलं.

तो उठला. त्यानंही तशाच नळ्या डोळ्यांना लावल्या आणि स्वतःच्या खोलीत चालू लागला. जिथं तो डोळे मिटून वावरला असता त्याच खोलीत! बाकाला धडकला. ब्रश खाली पाडले. मग दारापाशी जाऊन त्यानं बाहेरच्या खडकावरची स्वतःच रंगवलेली खूण शोधायचा प्रयत्न केला. बराच वेळ मान वळवत राहिला. मुठी खाली आल्या तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं आम्हाला सूप वाढलं आणि स्वतः न जेवता चुलीपाशी रंग ढवळत बसला.

सकाळी जाग आली तेव्हा चूल पेटलेली, सूप गरम, आणि रंगारी गायब. निरोपसुद्धा नाही. मला जरा लागलंच. वहिनी म्हणाली की त्याला त्याची कामं आहेत, आपण काही त्याच्या घरचं कार्य नाही.

दाराबाहेर चार पावलं गेलो आणि वहिनी थांबली. वाकली. वाटेच्या मधोमध, पायाखालच्या दगडावर, तळहाताएवढा पिवळा ठिपका होता. तिनं बोट लावलं. बोट पिवळं झालं.

पुढे आणखी एक. त्याच्या पुढे आणखी एक! कडेला नाही, खांद्याच्या उंचीला नाही. थेट वाटेच्या मध्यावर, तिच्या उरलेल्या नजरेच्या बरोबर समोर. वाटेवर खुणा कडेलाच करायच्या असतात, मधल्या पायांनी झिजतात, बर्फाखाली जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यानं त्या एका बाईसाठी अख्खी वाट उलटी रंगवत नेली होती.

मी काही सांगायची गरजच उरली नाही. वहिनी पुढे, मी मागे. ती हळू आवाजात गुणगुणत होती आणि ठिपके एकामागून एक तिच्या पायांशी येत होते.

खिंडीच्या माथ्यावर पोचलो आणि धुकं आलं! पाठोपाठ वारा. जिथं बर्फाची नदी असायला हवी होती तिथं नुसतं पांढरं, खाली पांढरं, वर पांढरं. मला माझाच हात दिसेना. आम्ही एका खडकाला टेकून थांबलो. धुक्याआड कुठंतरी ती नदी होती. तिचा गार श्वास तोंडावर येत होता. मी म्हटलं, थांबू, विरळ होईल. इतकं चालून न पाहता कसं जायचं?

बर्फाचा पहिला कण वहिनीच्या बाहीवर पडला. तिनं तो पाहिला. मग खाली पाहिलं. पायाजवळचा पिवळा ठिपका कडेनं पांढरा होऊ लागला होता.

"चला, वन्सं."

"अगं, पण नदी?"

"ती काय पळून जातेय? ठिपके झाकले तर त्याची मेहनत फुकट जाईल, आणि आपणही. माझी पिशवी धरा. सोडू नका."

मी म्हटलं, मला काहीच दिसत नाही.

"मला रोज एवढंच दिसतं," ती म्हणाली. "आज तुम्ही माझ्या घरी आलात. या."

उतार सुरू झाला. दगड सुटत होते. वारा ढकलत होता. ती एकेका ठिपक्यावर पाय ठेवत होती आणि मी तिच्या पावलात पाऊल! ठिपके लहान होऊ लागले. आधी तळहाताएवढे होते, मग नाण्याएवढे, मग ब्रशही नाही, नुसते बोटांच्या टोकांचे ठसे. त्याचा रंग संपत आला होता. मग एक अर्धवट ओरखडा. आणि मग काही नाही.

आम्ही उभ्या राहिलो. एका बाजूला कडा होता. त्याची पोकळी वाऱ्यातून ऐकू येत होती. मी देवाचं नाव घेतलं. वहिनी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी समोरची वाट चाचपू लागली. वाटेच्या मधोमध एक दगड उभा करून ठेवलेला होता. आपोआप तसा दगड उभा राहत नाही! पुढे हात लांबवला, तर दुसरा. रंग संपल्यावर त्यानं दगड लावत नेले होते. त्यांच्या मागानं रांगत, घसरत, एकमेकींना धरत आम्ही उतरलो, आणि धुकं आमच्या डोक्यावर राहिलं. खाली एका घराचं धुराडं धूर सोडत होतं.

ते वाटसरूंच्या विसाव्याचं घर होतं. शेगडीभोवती वाळत घातलेले बूट, ओल्या लोकरीचा वास, लांब बाक. बाकावर पाय पसरून दादा बसला होता. त्याच्या मांडीवर पाववालीनं दिलेली पावाची पिशवी होती. आम्हाला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि पाय दुखला म्हणून परत बसला, पण वहिनीचा हात काही सोडला नाही. तिला तो आधी नदीबद्दल विचारेना. मग विचारलंच. मी नाही म्हणून मान हलवली.

दादा घाईघाईनं सांगू लागला, की उद्या उघडीप आहे म्हणतात इथले. मी काठी घेतो, रांगत येतो, या बाजूनं पुन्हा चढू. अगं, उद्या नक्की दिसेल.

वहिनीचं लक्ष नव्हतं. शेगडीपलीकडे, भिंतीला डोकं टेकून, रंगारी गाढ झोपला होता. बूट न काढताच. हात मांडीवर उताणे पडले होते, बोटं पिवळी, दगड उचलून सोललेली.

तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली. थोडी पुढे सरकली, थोडी मागे, मग परत पुढे. त्याचा सगळा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, तिच्या नजरेच्या त्या लहानशा खिडकीत मावेपर्यंत.

"अगं, उद्याचं काय ठरवायचं?" दादानं विचारलं.

"थांबा हो जरा," वहिनी म्हणाली. "पाहतेय ना."