बुधरामची गाठ

गुरुवारी मिथुन दारातून आत आला तो वाकूनच. सव्वासहा फुटी माणसाला त्या घराच्या चौकटीने दुसरी सोयच ठेवली नव्हती. मागे अर्धा मोहल्ला, कोणी गुलाल उधळतंय, कोणी मोबाइल उंच धरलाय, आणि त्या सगळ्या गलबल्यात त्याच्या गळ्यात हाराच्या जागी एक जाळं... बास्केटबॉलच्या रिंगला बांधायचं, पिवळट पडलेल्या दोऱ्याचं लहानसं जाळं! लिलाधर हातातली मासळीची टोपली खाली ठेवून दोन पावलं पुढे आला होता. धाकटा भाऊ सेमीफायनल जिंकून आला होता, त्याला पोटाशी धरावं म्हणून त्याचे हात अर्धे उठलेही होते. पण ते जाळं पाहिलं आणि तो जागीच थांबला. जाळ्याच्या बाराही टोकांना कात्री लागलेली होती.

ढिवरांच्या घरात जाळ्याला कात्री लावत नाहीत. जाळं फाटलं तर विणतात, अडकलं तर गाठ सोडवतात, अगदीच कामातून गेलं तर त्याचा दोरा उकलून दुसऱ्या जाळ्यात घालतात. पण कापत नाहीत. तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाने आपल्या हाताने जाळं कापणं म्हणजे भरल्या ताटाला लाथ मारणं, असं त्यांचे वडील बुधराम म्हणायचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी घरात त्यांचा शब्द अजून चालत होता.

"हे कोणं कापलं?" लिलाधरने विचारलं.

"मीनं. जितलेली टीम जाळं कापते, दादा. बाहेरच्या देशात सारेच कापतेत, आमी मोबाइलवर पाह्यलं."

"काढ ते गळ्यातलं."

शब्द हळूच होते, पण ते साऱ्या मोहल्ल्यादेखत होते. मिथुनचा चेहरा पडला. ज्याच्यासाठी तो मोटारसायकलवर मागे बसून जीव मुठीत धरून घरी धावत आला होता, त्याच माणसाने सगळ्यांसमोर असं बोलावं! विशीचं रक्त ते. त्याला मान खाली घालता येत नाही. त्याने जाळं काढून खाटेवर टाकलं आणि जे कधीच बोलायला नको होतं ते बोलून बसला.

"तुले खेळातलं काय समजते? तू त कॅम्पच्या आदल्या दिवशी पळून आलता. साऱ्या कॉलेजले मालूम हाय."

लिलाधरची बायको डिंपल हातात ओवाळणीचं ताट घेऊन चुलीच्या खोलीतून बाहेर येत होती, ती तिथेच थबकली. लिलाधरने ते जाळं उचललं, घडी केली आणि मागच्या पडवीत निघून गेला. ओवाळणी राहून गेली ती गेलीच. मिथुन आल्या पावली साकोलीला, टीमच्या मुलांबरोबर हॉस्टेलवर राहायला गेला.

आता या टीमबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण त्या वर्षी साकोली तालुक्यात तिच्याशिवाय दुसरा विषयच नव्हता. हे कॉलेज म्हणजे आजवर पाहुणचाराला जाणारं कॉलेज. जायचं, नाश्ता करायचा, पहिल्याच सामन्यात हरायचं आणि संध्याकाळच्या एस्टीने परत यायचं. यंदा मात्र काय अंगात आलं होतं कोण जाणे! चिखल्याच्या खाणीतल्या कामगाराचा पोरगा कैलाश, सिहोऱ्याच्या धानाच्या बांध्यांतून आलेला तुलाराम, आणि कप्तान म्हणून आपला मिथुन. धानाचा चिखल तुडवून तयार झालेले पाय आणि डोंगा वल्हवून तयार झालेले खांदे. दिवाळीपासून एकामागून एक सात सामने झाले, सातही जिंकले. गोंदियाला जिंकले, भंडाऱ्याला जिंकले. तुमसरला तर हरलेल्या टीमच्या सरांनीच यांना जेवू घातलं. विद्यापीठाची सेमीफायनल आणि अंतिम फेरी या वर्षी साकोलीच्याच मैदानावर ठरली, तेव्हा पानठेल्यावरची म्हातारी माणसंसुद्धा कोणाची उंची किती यावर वाद घालू लागली.

या साऱ्या विजयांतला एकही सामना लिलाधरने पाहिला नव्हता. घरी भाऊ जिंकल्याची खबर आली की तो त्या दिवशीची सर्वांत मोठी मरळ विकायची नाही, घरी ठेवायला सांगायचा. त्याचा आनंद असा ताटात उतरायचा, तोंडातून निघायचा नाही. पण मैदान? छे! त्या मैदानाच्या भिंतीपाशी आलं की त्याचे पाय जड व्हायचे. अकरा वर्षांपूर्वी त्याच मैदानावर तो स्वतः खेळला होता, विद्यापीठाच्या टीममध्ये निवडलाही गेला होता. आणि मग त्या टीमच्या कॅम्पच्या आदल्या दिवशी कोणालाही न सांगता त्याने कॉलेज सोडलं. खेळ शिकवणाऱ्या धनंजय सरांनी दोनदा निरोप धाडला, तो गेला नाही. माझं मन उठलं, एवढंच त्याने घरी सांगितलं होतं, आणि पळपुटा म्हणून नाव झालं तेही निमूट सोसलं होतं... पण आपल्या भावाच्या तोंडून ते ऐकावं लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मिथुन आपले दुसरे बूट न्यायला घरी आला. लिलाधर मागच्या पडवीत बसला होता. मांडीवर ते कापलेलं जाळं, हातात बांबूची सुई. मधली भिंत कुडाची. पलीकडे आई यशोदाबाई मिथुनशी बोलू लागली आणि याला शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला.

"बाबू, बस. बूट मंग घाल."

"माय, मले उशीर होऊन राहिला."

"तुह्या बापाले पाण्यात झटका आला तवा तू चौथीत होता. तेराव्याच्या दिवशी मच्छीमार संस्थेचे लोक घरी आलते. मेंबर मेला त त्याच हंगामात घरच्या कोणीतरी तलावात जाळं टाकलं पाह्यजे, नाही त संस्थेतून घराचं नाव जाते, असा नियम होता. मी बाई. तू लेकरू. रायला कोण?"

पलीकडे मिथुनच्या बुटांची खरखर थांबली.

"दुसऱ्या दिवशी तुह्या दादाचा कॅम्प होता. मले म्हणे, माय, माहं मन उठलं त्या खेळावरून. मीनं ऐकून घेतलं. खोटं हाय हे मले तवाच समजलं होतं, बाबू... पण खरं बोलली असती त तो कॅम्पले गेला असता, आन् तो गेला असता त आपण जगलो असतो काय? माह्या सोयीसाठी मी अकरा वर्सं त्याचं खोटं खरं मानलं."

सुई लिलाधरच्या हातात तशीच राहिली. हे त्याला ठाऊक नव्हतं! आपण आईपासून लपवलं याच समाधानावर तो इतकी वर्षं उभा होता, आणि ती माउली सगळं जाणून रोज त्याच्या ताटात भात वाढत होती. त्याचे डोळे भरून आले आणि जाळ्याचे डोळे दिसेनासे झाले.

"आन् ते जाळं," यशोदाबाई पुढे म्हणाली, "बापाच्या हातचं अर्धं राहिलेलं खुंटीवर होतं. त्याच्यातूनच विणलं तुह्या दादानं तुह्या कॉलेजच्या रिंगसाठी. दुसऱ्या कोणाले त्यानं त्या जाळ्याले हात लावू दिला नाही."

मग बुटांचा आवाज दाराकडे गेला. पडवीत येईल, असं लिलाधरला क्षणभर वाटलं. पण तो आला नाही. रागाने गेला की लाजेने, हे कुडाच्या भिंतीतून कसं कळणार? लिलाधरने डोळे पुसले आणि बाराही कापलेल्या टोकांना नवा निळा दोरा जोडायला घेतला. कापलेलं जाळं फेकायचं नसतं, आणि तोडून बोललेला भाऊही. एवढं तत्त्वज्ञान त्या माणसाला पुरे होतं.

रविवारी तांबडं फुटायच्या सुमाराला तो मासळीची टोपली सायकलला बांधून कॉलेजच्या फाटकाशी आला. चौकीदार भैय्यालालने त्याला ओळखलं आणि न विचारता दोन्ही बाजूंनी चढायची शिडी काढून दिली. उघड्या पडलेल्या रिंगला त्याने जाळं बांधलं. रिंगचे आकडे कधीच तुटले होते, म्हणून बाराही ठिकाणी गाठी मारल्या. अकरा गाठी साध्या, ढिवराच्या कोणत्याही पोराला येणाऱ्या. बारावी मात्र हाताने आपोआप वेगळी मारली... बुधरामची. मुख्य दोराला बुधराम ती मारायचे. ओढाल तितकी घट्ट बसणारी, आणि सोडवायची रीत त्यांनी फक्त थोरल्याला दाखवली होती. धाकट्याला दाखवायला ते राहिले नाहीत. मैदान मोकळं होतं, म्हणून लिलाधरला तिथे उभं राहता आलं. कोणी यायच्या आत तो चोरासारखा निघून गेला.

पण दुपारी बाजारात त्याचं लक्ष लागेना. मासळी अर्ध्यावर टाकून तो मैदानाच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली येऊन उभा राहिला. पुढे जागा होती, तो गेला नाही.

आणि मग त्याने पाहिलं, आपला भाऊ कसा खेळतो ते! अहाहा! काय तो वेग, काय ती नजर! समोर नागपूरची टीम, चकचकीत बुटांची. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा साकोली एका गुणाने पुढे आणि चेंडू नागपूरकडे. मिथुन त्यांच्या उंच गड्यासमोर उभा ठाकला, गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, अगदी डोंग्याच्या टोकाशी उभा राहतो तसा. लिलाधरचेही गुडघे भिंतीशी नकळत वाकले. गड्याने डावीकडे हूल दिली. मिथुन हलला नाही. चेंडू वर गेला तसा त्याचा हात गेला आणि चेंडू अलगद खाली तुलारामच्या हातात आला. शिटी वाजली. एकसष्ट विरुद्ध साठ! साकोलीचं कॉलेज विद्यापीठात पहिलं आलं होतं.

पोरांनी मिथुनला खांद्यावर घेतलं, शिडी आणली, आणि कैलाशने खिशातून कात्री काढून त्याच्या हाती दिली. मिथुनने ती घेतली, शिडीखाली ठेवली आणि वर चढला. वर जाऊन तो त्या जाळ्याकडे पाहतच राहिला. जुना पिवळा दोरा, त्याला जोडलेला नवा निळा दोरा. त्याला काय दिसलं ते खालच्या हजार माणसांत एकालाच कळलं.

तो गाठी सोडवू लागला. एक, दोन, तीन... लोकांना कळेना हा काय करतोय, कोणी कात्री वापर म्हणून ओरडलं, पण त्याने मान वर केली नाही. नखांनी, दातांनी अकरा गाठी सोडवल्या. बाराव्या गाठीशी त्याचे हात थांबले. त्याने ओढून पाहिलं, गाठ आणखी बसली. तेव्हा तो शिडीवरच वळला, गर्दीवरून नजर फिरवली आणि भिंतीपाशी सगळ्यांच्या डोक्यावर दिसणारं ते एक डोकं त्याने शोधून काढलं.

"दादा," तो म्हणाला, "हे बाबाची गाठ हाय. मले कोणी शिकवली नाही."

लिलाधर जागचा हलेना. अकरा वर्षांचं ओझं पायांत होतं. तेवढ्यात गर्दीतून धनंजय सर आले. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. निरोप पोचला नव्हता का, वगैरे काही त्यांनी विचारलं नाही. त्याचा दंड धरून ते एवढंच म्हणाले, "चल लिलाधर, कप्तान बोलावतोय." आणि लिलाधर भरदिवसा, हजार माणसांदेखत, मासळीचा वास लागलेल्या सदऱ्यानिशी त्या मैदानावर चालत गेला.

शिडीच्या दुसऱ्या बाजूने तो चढला. दोघांची डोकी रिंगशी एका उंचीवर आली.

"दादा, मी लय वंगाळ बोललो..."

"गाठीकडे पाह्य," लिलाधर म्हणाला. "ओढू नोको. हा दोरा आंगठ्यानं खाली दाब. आता तो दुसरा सैल सोड. हळू."

मिथुनच्या बोटांवर लिलाधरची बोटं होती. गाठ एका क्षणात सुटली आणि जाळं दोघांच्या हातात आलं, अखंड.

खाली उतरल्यावर मिथुनने ते भावाच्या गळ्यात घातलं आणि वाकून पाया पडला. लिलाधरने त्याला उठवलं आणि गुरुवारी अर्धवट उठलेले हात आज पुरते त्याच्याभोवती टाकले. वर्तमानपत्राचा फोटोवाला धावत आला. फोटो काढून झाल्यावर त्याने वही उघडली आणि हे कोण, म्हणून मिथुनला विचारलं.

मिथुनने डोळे पुसले आणि सरांना, पोरांना, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"लिहा. लिलाधर बुधराम वलथरे, याच कॉलेजचा खेळाडू. तो पळून नव्हता गेला. तो घरी गेलता, आमच्यासाठी."