बसलेल्याच्या पसंतीनुसार

जुन्या इमारतींना नवी अक्कल शिकवणं हा त्या नवरा-बायकोचा धंदा होता. श्वास आणि अंगाची ऊब ओळखणारी छोटी यंत्रं छतात बसवायची, फरशीखालून गरम-गार पाण्याच्या नळ्या फिरवायच्या, आणि मग माणूस असेल तिथेच दिवा, तिथेच हवा, तिथेच ऊब. रिकाम्या खोलीवर वीज खर्च करायची नाही. पण इमारत पडली मठ्ठ. एक माणूस म्हणजे किती श्वास आणि किती ऊब, हे तिला आधी प्रत्येक खोलीत कोणीतरी बसून दाखवावं लागे. बसायचं काम नवऱ्याकडे, आकडे बघायचं बायकोकडे. "बसून खाणारा जगातला एकमेव कष्टाळू माणूस मी," असं म्हणत तो स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढायचा आणि खुर्चीत रुतायचा. थंडीशी त्याचं हाडवैर होतं.

बसलेल्याला किती ऊब आवडते तेही इमारत लक्षात ठेवायची; शिकवणी झाली की आपली ही पसंती पुसून टाकायची, हा त्यांचा नियम. या कचेऱ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली बैठकीची खोली त्याने शेवटची शिकवली आणि पसंती पुसायला कंटाळला. "उद्या पुसतो," म्हणाला. त्या रात्री तो झोपेतच गेला.

उरलेलं काम तिने एकटीने उरकलं. कचेऱ्या भरल्या, माणसं रुळली. पुढच्या हिवाळ्यात इमारतीच्या व्यवस्थापकाने तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, त्या कोपऱ्यातल्या खोलीत कोणी नसतं. तरी दुपार झाली की दिवा लागतो, फरशी तापते. आतल्या आकड्यांच्या पाटीवर माणूस एक दाखवतंय."

तिने छतातलं यंत्र बदललं. नव्यानेही एकच माणूस दाखवला. तिने शेजारच्या खोलीची भिंत चाचपली, हवेचा झरोका उघडून पाहिला, स्वतः बाहेर उभी राहून दाराच्या काचेतून आतली पाटी वाचली. माणसं: एक. आत खोली तापली होती, बरोबर त्याला लागायची तेवढी. खाली लिहिलं होतं: बसलेल्याच्या पसंतीनुसार.

ऊब का, हे तिला कळत होतं. त्याची पसंती तिथे राहून गेली होती. पण ती पसंती वापरायला माणूस लागतो, तो कुठून आला याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते शोधायचंही नव्हतं.

मग 'तपासणी' म्हणून ती रोज दुपारी डबा घेऊन तिथे बसू लागली. पाटीवर आकडा व्हायचा दोन. तो वाचला की तिला भरून यायचं. वर्षभरात तिला कोणी कोणाबरोबर मोजलं नव्हतं. जेवता जेवता ती समोरच्या खुर्चीला घरचं सगळं सांगायची. नळ गळतोय. भाजीत मीठ जास्त झालं. तुझे बूट अजून दारातच आहेत. आपण खुळ्यासारखं वागतोय हे समजत असूनही तिचा पाय तिथून निघत नसे.

नणंद फोन करायची. "वहिनी, ये ना राहायला. एकटी भिंतींशी किती बोलशील?"

"काम आहे गं," ती म्हणायची.

महिनाभराने व्यवस्थापक डबा संपेपर्यंत दाराशी थांबला.

"उद्या तपासनीस येतायत. रिकामी खोली तापवते म्हणून अख्खी इमारत नापास करतील."

"थोडे दिवस राहू दिलं तर?"

"कोणासाठी, मॅडम?"

तो गेल्यावर तिने दार लोटलं, समोरच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. दुसऱ्यांदा पोचवायला आल्यासारखं तिला वाटलं. मग तिने नवऱ्याची पसंती पुसली.

फरशीखालच्या नळ्या गप्प झाल्या. पसंतीबरोबर तोही गेला असेल, तर आता पाटीवर ती एकटी दिसायला हवी होती.

माणसं: दोन.

आकडा बदलायला वेळ लागतो, म्हणून ती थांबली. दोनच राहिले.

खोली निवू लागली. तेही ठीक होतं, ऊब बंद केली की खोली निवणारच. पण नळ्यांमधून पुन्हा पाण्याचा आवाज आला. पायाखालची फरशी गार पडली, मग आणखी गार. खिडकीची काच आतून धुरकटली.

इमारत आपण होऊन खोली गार करत नाही. तिला तसं कोणाला तरी हवं असावं लागतं.

तिने पाटी पाहिली. बसलेल्याच्या पसंतीनुसार.

तिने स्वतः कधी काही पसंत केलं नव्हतं. आणि तो या गारठ्यात क्षणभर बसला नसता.

मग महिनाभर आपण घरचं सगळं कोणाला सांगत होतो?

तिने डबा उचलला. "येते," हा शब्द सवयीने तोंडात आला होता, तो तिने गिळला.

लिफ्टमध्ये ती एकटीच होती. लिफ्टची पाटी म्हणाली, दोन.

रस्त्यावर पोचते तोच व्यवस्थापकाचा फोन आला. "झकास काम, मॅडम. पाटीवर माणसं शून्य."

घरी तसली यंत्रं नव्हती. दिव्याखाली अंधार, लोकांच्या इमारती शहाण्या करताना स्वतःचं घर अडाणीच राहिलं होतं. तिने खिडक्या बंद असल्याची खात्री केली, त्याचा स्वेटर अंगात घातला आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

बोलत होती ती फोनवर नणंदेशी. "वहिनी, एकटीच आहेस ना? मी येऊ का?"

तिने समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "एकटी नाहीये मी."

फोन ठेवून ती हीटर लावायला उठली. बटणापर्यंत हात गेला. मग तिने तो मागे घेतला, आणि स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून परत जागेवर येऊन बसली.