उजव्या बाजूचा दोष

"आज तिसरा डबाही नापास झाला की माझी नोकरी गेली," खुर्चीच्या कडेवर टेकत मेकॅनिक म्हणाला.

खासगी तपास करणाऱ्या बाईंना त्यांचा दीर वहिनी म्हणायचा, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत. दीर, म्हणजे भाऊजी, शेजारी टिपणं काढत होते.

हकीकत सरळ होती. व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांना घरच्या स्टीरिओसाठी प्रीअँप्लिफायर निवडायचा होता. रेकॉर्डचा क्षीण आवाज उचलून मोठ्या अँप्लिफायरकडे देणारा डबा. दुकानानं ऐकून बघायला एक पाठवला. उजवी बाजू मंद, म्हणून सरांनी परत केला. दुसऱ्याचंही तेच. मेकॅनिकनं आतले चांगले भाग काढून जुने घातले, असं सरांचं म्हणणं. मालकाचा मीटरपेक्षा सरांच्या कानावर विश्वास.

तिसरा डबा घेऊन तिघं सरांकडे पोचले. सरांनी दार उघडलं, उजव्या खांद्यावर नात. वहिनी त्यांच्या उजवीकडे बसल्या, तर सरांनी त्यांना आग्रहानं डावीकडे बसवलं. इतक्यात नातीनं त्यांच्या कानाशीच अशी किंकाळी फोडली, की भाऊजींनी कान झाकले. सर मात्र हलक्या गजाचा नाद कसा ऐकावा, हे शांतपणे समजावत राहिले. आतून लेक धावत आली, बाळाला घेतलं आणि खाली बघत उभी राहिली.

मेकॅनिकनं डबा जोडून रेकॉर्ड लावली. सरांना उजवी बाजू पुन्हा मंदच वाटली, लेकीला मात्र दोन्ही बाजू सारख्याच ऐकू येत होत्या. भाऊजींनाही. सर म्हणाले, त्याला तयार कान लागतो. मेकॅनिकनं सांगितलं, मागच्या खेपेला त्यानं दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली होती, तरी तक्रार उजवीकडचीच.

"म्हणजे डब्यातच खोट," भाऊजी पुटपुटले. "गडी दिसतो तेवढा भोळा नाही."

वहिनींनी सरांना त्यांची आवडती रेकॉर्ड आणायला सांगितलं. ते आत वळताच मेकॅनिकला खूण केली. त्यानं स्पीकरांमागच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली.

रेकॉर्ड लागली. सरांनी डोळे मिटले. "तेच. उजवीकडे नुसतं मिणमिणतंय."

वहिनींनी सुई उचलली.

"सर, आत्ता डब्याची उजवी बाजू डाव्या स्पीकरात वाजत होती. दोष डब्यात असता, तर तो डावीकडे गेला असता. स्पीकरात असता, तर मागच्या खेपेलाच गेला असता. स्पीकर बदलले, तारा बदलल्या, दोष उजवीकडेच. बदललं नाही ते एकच, ऐकणारा. बाळ कानाशी किंचाळलं तेव्हाच मला शंका आली. तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या डब्याच्या वेळी," सर म्हणाले. "पण तोवर आळ घेऊन बसलो होतो. आणि ज्याच्या कानावर शिष्य विसंबतात, त्यानं हे कुणाला सांगायचं?"

"मला माहीत होतं, बाबा," लेक म्हणाली. "म्हणून तर मी डावीकडून हाक मारते. या मेकॅनिकवर आळ आला तेव्हाही मी गप्प बसले."

सर मेकॅनिकला म्हणाले, "तू मालकांना सांग. मी चिठ्ठी देतो."

"माझं कोण ऐकतंय, सर? तिथे शब्द तुमचा चालतो."

सरांनी फोन केला. कानासकट सगळं सांगितलं. मधेच थांबून म्हणाले, "नाही हो, थट्टा नाही." फोन ठेवल्यावर त्यांना मेकॅनिककडे बघवेना.

"त्या तीन डब्यांतला कुठला घ्यावा," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुम्हीच ऐकून सांगाल का?"

मेकॅनिकनं गुडघे टेकून आधी तारा पुन्हा सरळ जोडल्या.